स्पॅनिशसाठी इंग्रजीचा वळसा कशाला?

2017 साली पोर्तो रिकोच्या लुईस फोन्सी आणि डॅडी यांकी या गायकांचं एक गाणं जगभर वाजलं, आपल्याकडेही वाजलं. ज्यांना ते आवडलं आणि ज्यांना त्याचा वीट आला, त्या सगळ्यांनी त्याचं नाव ‘डेस्पासिटो’ असंच घेतलं. गाणारा मात्र दर वेळी स्वच्छ ‘देस्पासीतो’ म्हणतो. ‘द’ आणि ‘त’ मराठी माणसाला काही परके नाहीत. बालवाडीत जाण्याआधीपासून ते त्याच्या जिभेवर आहेत. तरीही कानावर पडत असलेला ‘द’ सोडून आपण ‘ड’ म्हणालो, कारण नाव आपण वाचून उचललं. रोमन अक्षरं दिसली की आपण नकळत इंग्रजी वाचायला लागतो, आणि इंग्रजीतल्या ‘टी’चा ‘ट’ व ‘डी’चा ‘ड’ करायची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली आहे. मेन्यूकार्डावरचे टाको, बरिटो, टॉर्टिला याच वाटेने आले. मेक्सिकोत ते ताको, बुर्रीतो आणि तोर्तीया आहेत, म्हणजे मराठी तोंडाला उलट अधिक सोपे. मराठी माणसाला स्पॅनिशची रोजची वाक्यं शिकायची असतील तर त्याने ती थेट मराठीच्या कानाने शिकावीत, असं माझं म्हणणं आहे. इंग्रजीवरून गेल्याने त्याचा मार्ग लांबतो आणि वाटेत हातचं चांगलं सामानही गळून पडतं.

यात भाषाभिमानाचा भाग नाही; जीभ कुठे टेकते याचा हा साधा हिशेब आहे. स्पॅनिश त-द म्हणताना जीभ दातांना लागते, आपल्या दंत्य वर्णांसारखीच. इंग्रजीत ती हिरडीवर टेकते, आणि तो उच्चार आपल्याला ‘ट’च्या जवळचा वाटतो म्हणून आपण तो मूर्धन्य करून टाकतो. दुसरी गोष्ट श्वासाची. इंग्रज माणूस ‘पेन’ म्हणतो तेव्हा ‘प’बरोबर हवेचा एक झोत बाहेर पडतो, तोंडासमोर कागदाचा कपटा धरला तर तो हलतो. स्पॅनिश प, त, क हे मराठीसारखे अल्पप्राण, त्यांत हा झोत नसतो. स्पॅनिशमध्ये पावाला ‘पान’ म्हणतात, आणि तो शब्द विड्याच्या पानासारखाच उच्चारला की काम झालं. इंग्रजीभाषक विद्यार्थ्याला हा झोत आवरायला बरीच मेहनत पडते. तीच गोष्ट स्वरांची. स्पॅनिशला पाचच स्वर: आ, ए, इ, ओ, उ. ते शब्दात कुठेही आले तरी आपला रंग सोडत नाहीत. इंग्रज तोंडातून ‘नो’चा ‘नोउ’ होतो, ‘दे’चा ‘डेइ’ होतो, आणि जोर नसलेला स्वर तर पुसटच होऊन जातो. मराठी ‘ओ’ आणि ‘ए’ मुळातच सरळ आहेत. तरी आपल्याकडचे बहुतेक जण इंग्रजांसाठी लिहिलेली संभाषण-पुस्तिका घेऊन बसतात. तिच्यात ‘दे नादा’, म्हणजे ‘त्यात काय एवढं’, हे आभाराला द्यायचं उत्तर इंग्रजी स्पेलिंगने फोड करून दिलेलं असतं. आपण ते वाचतो ‘डे नाडा’. आभार मानणाऱ्याला आपण लेंग्याची नाडी कशाला ऐकवायची?

मराठी कान या कामाला लायक आहे याचा पुरावा आपल्याच बोलण्यात पडून आहे. स्पॅनिशची सख्खी शेजारीण पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतकं बोलली गेली. तिच्यातला रुग्णालयाचा शब्द मराठीने ऐकून घेतला तेव्हा त्याचं ‘इस्पितळ’ झालं: सुरुवातीचा ‘ह’ मुका, कारण पोर्तुगिजात तो मुकाच आहे, आणि पुढे दंत्य ‘त’. तोच शब्द पुढे इंग्रजीतून आला तेव्हा ‘हॉस्पिटल’ झाला. ‘ह’ बोलायला लागला आणि ‘त’चा ‘ट’ झाला. शब्द एकच, वाट तेवढी वेगळी. पाद्री, मेस्त्री, इस्त्री, बालदी हे सगळे त्याच जुन्या वाटेने आले आणि त्यांचे त-द शाबूत राहिले. बटाट्याने मात्र माझी पंचाईत केली आहे. तोही पोर्तुगिजांकडूनच आला आणि तरी त्याच्यात दोन-दोन ‘ट’ बसले. तेव्हा कान अचूक असतो असा दावा मी करणार नाही, पण बहुतेक वेळा तो डोळ्यांपेक्षा बरा ठरला आहे. शिवाय रोमन लिपी म्हणजे इंग्रजी, हे समीकरणही आपल्याकडे सगळीकडे खरं नाही. गोव्यातल्या रोमी कोंकणीत एकेरी ‘टी’ आणि ‘डी’ ही अक्षरं त-द साठी असतात. ट-ड लिहायचे तर अक्षर दोनदा लिहितात. फादर थॉमस स्टीफन्स तर जन्माने इंग्रज, पण 1616 साली त्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापलं गेलं ते मराठी उच्चारांसाठी अक्षरं वाकवून. मडगावची एखादी आजी रोमी कोंकणी वाचते त्या डोळ्यांनी स्पॅनिश पाटी वाचू गेली तर पुण्या-मुंबईच्या पदवीधरापेक्षा अधिक बरोबर वाचेल, अशी माझी खात्री आहे.

स्पॅनिशमधला सगळ्यात धास्तीचा उच्चार म्हणजे जिभेचं टोक थरथरवून काढायचा लांब ‘र्र’. तो शब्दाच्या सुरुवातीला येतो, न-ल-स यांच्यानंतर येतो आणि लिहिताना ‘आर’ दोनदा असेल तिथे येतो. त्याला पर्याय नाही, कारण ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा; ‘कारो’ म्हणजे महाग आणि ‘कार्रो’ म्हणजे लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागात मोटार. इंग्रजी ‘आर’ जिभेचं टोक कुठेही न टेकवता काढतात, त्यामुळे इंग्रजीभाषकांसाठी या एका उच्चारावर लांबलचक धडे लिहिले जातात. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ करते तेव्हा ती नेमका हाच उच्चार करत असते. चिमणी भुर्रकन उडते, कापड टर्रकन फाटतं. हे सगळं ज्या भाषेत आहे त्या भाषेच्या माणसाने ‘बुर्रीतो’चा ‘बरिटो’ करावा, हे मला पटत नाही. अनुनासिकाचंही तसंच. ‘मान्याना’ म्हणजे उद्या किंवा सकाळ. त्यातला ‘न्य’ आपल्याला ‘धान्य’ आणि ‘मान्य’मुळे सवयीचा आहे. ‘बी’ आणि ‘व्ही’ ही दोन अक्षरं स्पॅनिशमध्ये एकाच उच्चाराची आहेत: सुरुवातीला स्वच्छ ‘ब’, आणि दोन स्वरांमध्ये आलं की ओठ पुरते न मिटता काढलेला मऊ ध्वनी, जो आपल्या ‘व’च्या जवळ जातो. म्हणून ‘बीनो’ म्हणजे वाइन, पण कृपया म्हणताना ‘पोर फावोर’. तिथे इंग्रजी पद्धतीने दात ओठावर रोवण्याची गरज नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप असा येईल की देवनागरीत लिहून शिकणं म्हणजे एक कुबडी सोडून दुसरी धरणं. आक्षेप रास्त आहे, आणि त्यातला काही भाग मी स्वतःच सांगतो. मराठीला दोन ‘च’ आहेत, एक चिमणीतला आणि एक चोरातला. स्पॅनिशला फक्त चिमणीतला आहे. ‘खूप’ या अर्थाचा शब्द ‘मुचो’ असा लिहिला तर मराठी वाचक त्यात चोराचा ‘च’ घालून मोकळा होईल. ‘मुच्यो’ लिहिलं तरच निभावेल. आपला ‘झ’ स्पॅनिशला अजिबात चालत नाही: घर ते ‘कासा’, माणसाचं नाव ‘होसे’, ‘काझा’ आणि ‘होझे’ हे पुन्हा इंग्रजीचे संस्कार. ‘होसे’चा पहिला वर्ण घशातून घासत येतो, तसा मराठीत नाही. कॅरिबियन बेटांवर आणि मध्य अमेरिकेत तो साध्या ‘ह’सारखाच असतो, म्हणून आपला ‘ह’ वापरला तर कोणी अडवणार नाही. ‘ख’ मात्र नको. ‘आ’ लिहिला की आपण तो लांबवतो, पण ‘मान्याना’तले तिन्ही ‘आ’ तोंड उघडून, पण आखूड म्हणायचे असतात. सगळ्यात मोठी अडचण आघाताची. शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर यावर मराठीत अर्थ फारसा अवलंबून नसतो, त्यामुळे आपल्या लिपीला त्याची खूणच नाही. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’च्या ‘आ’वर जोर दिला तर ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. इथे देवनागरी गप्प बसते. फार तर जोराच्या ठिकाणी दीर्घ ‘ई’ आणि ‘ऊ’ वापरून थोडी सोय करता येईल, जशी वर ‘देस्पासीतो’त केली आहे.

पण यातून निष्कर्ष निघतो तो देवनागरी टाकून देण्याचा नाही, ती लवकर सोडण्याचा. स्पॅनिशचं स्वतःचं लेखन इतकं नियमबद्ध आहे की आघाताचा नियमही दोन वाक्यांत सांगून होतो: शब्द स्वराने किंवा न-स ने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्या अक्षरावर, आणि याला अपवाद असेल तिथे स्वरावर तिरकी रेघ काढलेली असते. 1713 साली माद्रिदमध्ये स्थापन झालेली स्पॅनिश अकादमी हे नियम सांभाळत आली आहे आणि 2010 मध्येही तिने लेखनाची नवी नियमावली काढली. प्रश्नाच्या आधी उलटं प्रश्नचिन्ह घालायची पद्धतही तिचीच, 1754 ची. वाक्य प्रश्नाचं आहे हे वाचणाऱ्याला आरंभीच कळावं म्हणून. अशा लिपीसाठी मधला दुभाषा फार दिवस लागत नाही. देवनागरी पहिल्या पन्नास-साठ वाक्यांपुरती, कान आणि जीभ जागेवर बसेपर्यंत वापरावी आणि मग थेट स्पॅनिश वाचावं. इंग्रजी फोड आणि देवनागरी फोड यांत फरक इतकाच, पण तो मोठा आहे, की पहिली आपल्याला चुकीच्या जागी नेऊन सोडते आणि दुसरी बरोबर जागेच्या जवळ.

‘इतकं चिकटायचं कशाला, समोरच्याला कळल्याशी कारण’ असंही म्हटलं जाईल. बहुतेक वेळा कळतंच. ‘ग्रास्यास’ला कोणी ‘ग्रेशियस’ म्हटलं तरी आभार पोचतात. पण आपण ज्याला बारकावा समजतो तो कधी कधी अर्थच असतो. वय विचारताना ‘क्वान्तोस आन्योस’ म्हणायचं असतं, किती वर्षं; तिथे ‘न्य’ऐवजी नुसता ‘न’ आला तर वर्षांच्या जागी शरीराच्या अशा एका भागाची चौकशी होते की ज्याचा उल्लेख चारचौघांत कोणी करत नाही. इंग्रजी कळपाटावर ‘न’वरची ती नागमोडी खूण नसते म्हणून ती गाळली जाते आणि मग बोलतानाही गळते. दुसरं असं की, मोडकंतोडकं बोलणाऱ्या परक्याशी लोक मोडकंतोडकंच बोलतात, किंवा मुकाट्याने इंग्रजीवर उतरतात. पहिल्या दोन वाक्यांचा उच्चार धड असेल तर समोरचा तिसरं वाक्य स्पॅनिशमध्ये बोलतो, आणि भाषा शिकायची संधी त्या तिसऱ्या वाक्यात असते.

कोणतं स्पॅनिश, हा प्रश्न आपल्याकडे उगाच मोठा केला जातो. जवळपास 50 कोटी लोकांची मातृभाषा आणि 20 देशांची राजभाषा एकसारखी कशी असेल? माद्रिदचा माणूस ‘ग्रास्यास’मधल्या पहिल्या ‘स’च्या जागी जीभ दातांत धरून हवा सोडतो, तो आपला ‘थ’ नव्हे. लॅटिन अमेरिकेत सगळीकडे साधा ‘स’ चालतो आणि तो स्पेनमध्येही कोणाला खटकत नाही. ब्वेनोस आयरेसला रस्त्याला ‘काये’ऐवजी ‘काशे’ म्हणतात. फोन उचलल्यावर मेक्सिकोत ‘ब्वेनो’, स्पेनमध्ये ‘दीगा’, कोलंबिया-पेरूकडे ‘आलो’. वऱ्हाडी आणि मालवणी कानावर घेत वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये. त्याने ‘स’वालं बोलणं धरावं आणि जिथे जाईल तिथलं ऐकून बदलावं.

उच्चार सोडून वाक्यांकडे गेलं तर इंग्रजीचा वळसा आणखी महाग पडतो. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’. ‘मे’ म्हणजे मला, आणि क्रियापद चालतं ते कॉफीप्रमाणे. आवडणाऱ्या वस्तू अनेक असतील तर ‘गुस्तान’, जसं आपण ‘आंबे आवडतात’ म्हणतो. इंग्रजीत आवडवून घेणारा कर्ता असतो, म्हणून इंग्रजीभाषकाला ही रचना उलटी वाटते आणि त्याच्या पुस्तकात ती बरीच पुढे, खास टिपांसह येते. मराठी माणसाने त्या टिपा वाचून आपल्यालाही ती अवघड आहे असं समजायचं, हा मोठा विनोद आहे. दमलेला पुरुष ‘एस्तोय कान्सादो’ म्हणतो आणि बाई ‘कान्सादा’. आपण ‘दमलो’ आणि ‘दमले’ म्हणतोच. ‘आब्लास?’ एवढ्यात ‘तू बोलतोस का’ येतं, सर्वनामाची गरज नाही, नुसता सूर चढवायचा, आपल्या ‘जेवलास?’मध्ये वेगळं काय आहे? हातून ग्लास पडला तर ‘से मे कायो एल वासो’. इंग्रजीवरून येणारा म्हणतो ‘मी ग्लास पाडला’ आणि नसलेला गुन्हा कबूल करून बसतो. मराठीला ‘पाडला’ आणि ‘माझ्या हातून पडला’ यांतला फरक शिकवावा लागत नाही.

शिष्टाचाराची वाक्यं मात्र मराठीतून आपोआप येत नाहीत, ती मुद्दाम शिकावी लागतात. दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसताना ‘ब्वेनोस दीआस’ म्हणायचं, ओळख असो वा नसो. दुपारच्या जेवणापर्यंत ते, मग ‘ब्वेनास तार्देस’, अंधार पडल्यावर ‘ब्वेनास नोचेस’. आणि हे शेवटचं भेटतानाही चालतं, निरोपालाही. जेवणाऱ्यांच्या टेबलाजवळून जाताना मेक्सिकोत ‘प्रोवेच्यो’ म्हणतात, अनोळखी लोकांनासुद्धा. न बोलता मान हलवून काम भागवणाऱ्या आपल्या लोकांना हे नाटकी वाटेल, पण तिकडे न बोलणं हा तुसडेपणा समजतात. निघताना ‘आस्ता ल्वेगो’, पुन्हा भेटेपर्यंत. पुन्हा भेटायची सुतराम शक्यता नसलेल्या दुकानदारालाही, जसं आपण कायमचे जातानाही ‘येतो’ म्हणतो. ‘तू’ला तिथेही ‘तू’च म्हणतात, आणि आदराला ‘उस्तेद’, ज्याच्यासोबत क्रियापद तृतीयपुरुषी लागतं. स्पेनमध्ये अलीकडे सर्रास ‘तू’ चालतं, बोगोताला घरातही ‘उस्तेद’ ऐकू येतं. इंग्रजीला हा भेदच नसल्याने इंग्रजीतून शिकलेला माणूस दोन्हींतलं कोणतंही बिनदिक्कत फेकतो. मराठी माणसाने आधी ‘उस्तेद’ धरावं आणि समोरच्याने ‘तू’वर यायची वाट बघावी; हे तारतम्य त्याच्या हाडात आहे.

हा खटाटोप हवाच कशाला, फोन भाषांतर करून देतो की, असं विचारणाऱ्यांना लिफ्टमधला तो एक मजला आठवावा. तेवढ्यात फोन खिशातून निघतही नाही. आणि गरज वाटते तितकी दूरची नाही. अमेरिकेत 4 कोटींहून अधिक लोक घरात स्पॅनिश बोलतात. टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांचा संबंध छप्पर दुरुस्त करणाऱ्यापासून मुलांच्या शाळेच्या बसचालकापर्यंत रोज या भाषेशी येतो. इकडे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांतून मुलं स्पॅनिश घेतात, आणि मराठी घरातलं मूल इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून ‘मे गुस्ता’ ही उलटी रचना म्हणून पाठ करतं. तिकडे मुलाकडे राहायला गेलेल्या आजी-आजोबांच्या हाती तर असं पुस्तकही नसतं, आणि त्यांना ते नातवंडांपेक्षा लवकर जमेल. मराठीतून लिहिलेली, मराठी चुका ओळखून रचलेली शंभर पानांची एक पुस्तिका या सगळ्यांना पुरेल. तिच्यात ‘त’ कसा काढावा यावर एक ओळही नको. दोन ‘च’, नको असलेला ‘झ’, आखूड ‘आ’ आणि आघात यांवर निम्मी पानं खर्च करावीत, सोबत ऐकायला ध्वनिमुद्रण द्यावं, आणि ‘मे गुस्ता’ पहिल्याच धड्यात घ्यावं.